घरी विचारून सांगते

"घरी विचारून घ्या, मॅडम," मिस्त्री म्हणाले.

पायाची आखणी चालली होती. जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा, चार कोपऱ्यांना चार खुंट्या, त्यांना ताणलेली दोरी, आणि मधोमध मी. खिडकी डावीकडे की उजवीकडे, एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, "उजवीकडे." तर म्हणे, घरी विचारून घ्या. घरी कुणाला विचारणार? घर नव्हतं म्हणून तर हा सगळा खटाटोप. आणि जे व्हायचं होतं त्यातही मी एकटीच राहणार होते.

"घरी मीच असते," मी सांगितलं.

पाया न खोदता थेट स्लॅब टाका म्हणावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बजेट मी एका नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं आणि आकड्याखाली दोन ठसठशीत रेघा मारल्या होत्या. रेघा मारल्या की आकडा जागचा हलत नाही, अशी माझी भाबडी समजूत. ठरावात खिडकी होती, पण तिच्यावरचा सज्जा "जादा काम" निघाला. दार ठरावात होतं, उंबरठा जादा. गच्चीवर पाण्याची टाकी ठरावात होती. ती हवेत तरंगणार नाही, तिला खाली चौथरा लागेल, हे मला समजायला हवं होतं म्हणे.

पण पहिला धक्का पैशांचा नव्हता, गुणाकाराचा होता. घर बाहेरून २० फूट बाय १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट. हा गुणाकार मी कागदावर, मोबाइलवर आणि झोपेत इतक्या वेळा केला होता की ३०० हा आकडा मला माहेरचा वाटायला लागला होता. भिंती उभ्या राहिल्यावर मी आतून टेप लावली. साडेअठरा बाय साडेतेरा. पुन्हा लावली. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नसल्यामुळे ते विटेखाली दाबून लावली. तेवढंच. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी दीड फूट खाते आणि ३०० चे २५० होतात. घराचा सहावा हिस्सा भिंतींनीच आधी येऊन बळकावला होता. त्यात बाथरूमची साडेचार इंची आडभिंत अजून व्हायचीच होती.

मी मिस्त्रींना विचारलं, "बाहेरच्या भिंती जरा बारीक नसत्या का चालल्या?"

ते म्हणाले, "आता उभ्या राहिल्यावर?" आणि मग, सवयीने, "घरी काय म्हणतात?"

हे "घरी" माझ्या उपयोगाचं आहे, हा शोध मला जिन्यापाशी लागला. गच्चीवर जायच्या जिन्याला साधा लोखंडी कठडा ठरला होता. मिस्त्री म्हणाले, स्टीलचा करू, झकास दिसेल, थोडेच जास्त लागतील. या "थोडेच"ची मला तोवर चांगली ओळख झाली होती. मी नाही म्हटलं असतं तर गंज, रंग, आयुष्य, शोभा आणि "एकदाच करायचं असतं, मॅडम" असं पाऊण तास ऐकावं लागलं असतं. मी दमले होते. तोंडून निघून गेलं, "घरी विचारून सांगते."

मिस्त्रींनी मान डोलावली आणि टेप खिशात टाकली. विषय संपला!

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "घरचे नको म्हणाले."

"बरं," मिस्त्री म्हणाले. बस. माझ्या नकाराला जिथे पाऊण तास लागायचा, तिथे घरच्यांचा नकार एका "बरं"मध्ये मावला.

त्या दिवसापासून घरचे कामावर यायला लागले. म्हणजे येत नव्हते, पण असत. स्वभावाने चिक्कू आणि संशयी. रात्री उशिरापर्यंत बांधकामाचं काहीबाही वाचत बसायचे आणि सकाळी माझ्या तोंडून बोलायचे. विटा कोरड्या लावू नका म्हणायचे, कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि जोड कच्चा राहतो. भिंतीला ओळंबा लावून दाखवा म्हणायचे. जिन्याच्या पायऱ्यांची उंची एकसारखीच हवी, हे तर त्यांनी चार वेळा बजावलं. पाय पहिल्या दोन पायऱ्यांत उंचीचा अंदाज बांधतो आणि पुढे न बघता त्याच अंदाजाने चढतो, मग एखादी पायरी अर्धा-पाऊण इंच वेगळी निघाली की माणूस तोंडावर. मी एकटी राहणार, पडल्यावर उचलणार कोण, हे मात्र त्यांनी मिस्त्रींना सांगितलं नाही.

स्लॅबच्या दिवशी त्यांनी कमालच केली. मिक्सरवरचा पोऱ्या मालात बादलीमागून बादली रिकामी करत होता, कारण पातळ माल ओतायला सोपा. पण सिमेंटला लागतं त्याहून जास्त झालेलं पाणी पुढे उडून जातं आणि काँक्रीटमध्ये बारीक पोकळ्या ठेवून जातं. ताकद तिथेच घटते. मी धीर करून म्हटलं, "घरच्यांनी सांगितलंय, पाणी मोजूनच."

मिस्त्री खालून ओरडले, "ए, पाणी आवर! यांच्या घरचे खवळतील!"

पोऱ्याने बादली ठेवली. मला भरून आलं. माझ्या बाजूने कुणीतरी खवळणार होतं.

त्यानंतर पाणी मारण्याचे दिवस आले. सिमेंट वाळून घट्ट होतं असं मी जन्मभर समजत होते. ते वाळत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, त्यातून ते घट्ट होतं, आणि लवकर वाळलं तर उलट कच्चं राहतं. म्हणून स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे करतात आणि त्यांत पाणी साठवून ठेवतात. निदान सात दिवस, जमलं तर चौदा. काँक्रीटची ताकद तपासायची ती २८ व्या दिवशी. दिवस मोजत मी सकाळ-संध्याकाळ ऑफिसच्या कपड्यांत, चपला हातात घेऊन, वाफे भरत होते. एका वाफ्याचा बांध फुटका होता, त्यातलं पाणी शेजारच्यात, तिथून कडेवरून थेट माझ्या ठेवलेल्या पर्सवर. रस्त्यावरून जाणाऱ्या एका आजोबांनी मान वर करून विचारलं, "काय लावलंय?"

"स्लॅब," मी म्हटलं.

"येईल, येईल," म्हणाले आणि गेले.

कर्जाबद्दल फार बोलत नाही. हप्त्यांचा तक्ता मी एकदाच नीट वाचला. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. पहिल्या हप्त्यातल्या दर १०० रुपयांत ८३ नुसतं व्याज! निम्मं मुद्दल फिटायला १४ वर्षं. तोवर घर माझं आणि बँकेचं असं दोघांचं असणार, म्हणजे "एकटीच राहते" हेही तसं खोटंच. तो कागद मी घरच्यांनासुद्धा दाखवला नाही.

घरच्यांचं मी फक्त दोनदा ऐकलं नाही. एकदा बटणांच्या बोर्डाच्या वेळी. तो आता दाराच्या पल्ल्यामागे आहे आणि दिवा लावायला आधी दार लावून घ्यावं लागतं. आणि दुसऱ्यांदा बाथरूममध्ये. पाच फुटांची फरशी, जाळीकडे पाऊण इंच उतार पुरतो. फरशी पक्की बसायच्या आत एक बादली ओतून बघ, असं घरचे म्हणत होते. मला उशीर होत होता. मी दारातूनच डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हटलं, "बरोबर दिसतंय."

पहिल्या आंघोळीचं पाणी जाळीपर्यंत गेलं. तिथे क्षणभर थांबलं, विचार केल्यासारखं. मग वळलं आणि समोरच्या कोपऱ्यात जाऊन स्थिर झालं. साबणाचा फेस त्यावर हळूहळू फिरत होता. मी वायपरने ढकललं. ते गेलं, आणि परत आलं.

शेवटचा हिशेब करायला मिस्त्री आले, ते माझ्या एकुलत्या खुर्चीवर बसले. मी पायरीवर. वहीच्या पहिल्या पानावरचा आकडा आणि शेवटच्या पानावरचा आकडा, दोघं एकमेकांना ओळखतही नव्हते. पैसे मोजून झाल्यावर मिस्त्री जरा घुटमळले.

"एक बोलू का मॅडम? तुमच्या घरच्यांनी आम्हाला लई छळलं. पण माणूस पक्का. कामातलं कळतं त्यांना." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही पडलात भोळ्या. ते होते म्हणून निभावलं. तुम्हाला एकटीला कुणीही फसवलं असतं."

मी काय बोलणार? "सांगते त्यांना," म्हटलं.

ते उठले, चपला घातल्या, आणि दारातून मागे वळले.

"बाथरूमचा उतार बघितला का त्यांनी?"

"नाही अजून."

"मग नका दाखवू."