स्वतःच्या हातानं टेबल करणाऱ्यांसाठी काही मौलिक सूचना

टेबल विकत आणणं हे काम आता कोणीही करतं. तुम्ही ते घरी करा. आणि करायचंच तर अस्सल सागवानाचं करा, प्लायवर सनमायका चिकटवण्यात काय पुरुषार्थ?

सुरुवात व्हिडिओ बघून करावी. त्यातला दाढीवाला गोरा माणूस ज्या गॅरेजमध्ये उभा असतो ते आपल्या टू-बीएचकेपेक्षा मोठं असतं, आणि ‘अगदी मोजक्या हत्यारांत’ असं म्हणत तो लाखभराचं यंत्र सुरू करतो. तुमच्याकडे ग्रिल ठोकलेली बाल्कनी आहे, तिच्यात वॉशिंग मशीन आहे, उरलेल्या जागेत तुम्ही आणि रंधा. भरपूर झालं.

गुण्या विकत आणू नये. काटकोन नुसत्या नजरेनं कळतो.

उंची सगळं जग 30 इंच ठेवतं, म्हणून तुम्ही 36 ठेवा. खुर्चीची बैठक 18 इंचांवर असते, त्यामुळे ताट थेट छातीशी येतं आणि जेवताना वाकावं लागत नाही.

वरचा तक्ता खालच्या चौकटीला चारी बाजूंनी फेव्हिकॉल लावून, वर स्क्रू मारून करकचून आवळावा. लाकूड रुंदीत आकसतं आणि फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, म्हणून स्क्रूची भोकं लांबट ठेवावीत म्हणजे तक्त्याला सरकायला वाव मिळतो, असं जुने सुतार सांगतात. त्यांचं ऐकू नका. मी ऐकलं होतं. भोकं लांबट ठेवली, पायांना खाचा पाडून त्यात कुसू, म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या टोकाला कोरलेल्या जिभा, बसवले, आणि ते सांधे आजही असे घट्ट आहेत की टेबलावर उभं राहून पंखा पुसता येतो. काय उपयोग झाला ते पुढे येतंच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना: लाकूड वखारीतूनच घ्यावं, आणि वखारवाल्याच्या शब्दावर घ्यावं. ‘सुकं आहे ना?’ असा अडाणी प्रश्न विचारू नये. विचारलात तर तो फळीवर बोटाची पेरं वाजवून ‘आवाज ऐका साहेब, चार वर्षं पडून आहे’ म्हणेल. आवाज ऐकून आपण समजल्यासारखी मान डोलवावी. फळ्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून एकमेकींना चिकटून उभ्या आहेत, मध्ये हवा खेळायला पट्ट्या नाहीत, पत्रा गळून खाली ओल आली आहे, याकडे दुर्लक्ष करावं. मग तो इंच-फुटांचा गुणाकार करून 144 नं भागतो आणि घनफूट सांगतो. तो हिशोब खडबडीत मापाचा असतो. इंचाची फळी रंधा मारून पाऊण इंच झाली की तो पाव इंच भुशात जातो, पैसे मात्र पुऱ्या इंचाचे. इथवर ठीक आहे, धंद्याची रीत आहे. कडेचा पांढरा, कच्चा भाग गाभ्याच्याच भावात येतो, तेही ठीक, पॉलिशखाली झाकतो आपण. पण ओलं लाकूड कशाखाली झाकायचं? घरी आणून पहिला रंधा मारला तर सालपटं कुरकुरीत निघायच्या ऐवजी मऊ, लिबलिबीत. भुसा बोटांना चिकटत होता. नव्यानं रंधलेल्या जागी तळहात ठेवला तर गार लागत होतं. तोवर माप देऊन कापून आणलेल्या फळ्या परत कोण घेतो? उन्हाळा लागला तसा 30 इंच रुंदीचा तक्ता साडेएकोणतीसवर आला, टोकाला चीर पडली, मधोमध खोलगट झाला. आमटीची वाटी ठेवली की ती स्वतःहून मध्ये सरकते. फोटो घेऊन वखारीत गेलो तर मालक म्हणाला, ‘लाकूड आहे साहेब, हलणारच. घरात एसी लावता का?’

एसी!

टेबल डुगडुगलं तर दोष फरशीचा मानावा.

ठोकाठोक दुपारी दोन ते चार या वेळेतच करावी, खालच्या काकूंशी ओळख वाढते.

बिल मागू नये. मागितलंत तर जीएसटी वेगळा पडतो, आणि न मागितलंत तर ‘तुम्ही माल इथूनच नेला कशावरून?’ हे ऐकायला मिळतं.

आणि आता पुरे. भाजीवाली कोथिंबिरीवर पाणी मारते ते निदान आपल्या डोळ्यांदेखत मारते, आणि जुडी दहा-वीस रुपयांची असते. वखारवाल्यांनो, तुम्ही घनफुटाला हजारो रुपये मोजून घेता आणि त्यात झाडातलं पाणी सागवानाच्या भावानं विकता! लाकडातली ओल मोजायचं यंत्र दीड-दोन हजारांत मिळतं. दोन सुया टोचायच्या, आकडा वाचायचा. बारा टक्क्यांच्या आसपास आला तर माल सुका, पंचवीस आला तर ओला. लाखोंचा माल रचून बसलेल्या माणसाकडे हे यंत्र नसतं, कारण ते त्याला नकोच आहे. इंचभर जाडीची फळी नीट रचून, सावलीत, वाऱ्यावर वाळायला साधारण वर्ष लागतं. तेवढा पैसा अडकवायचा नसेल तर अडकवू नका, कोणी जबरदस्ती केलेली नाही. पण मग फळीवर खडूनं ‘ओलं’ असं लिहा आणि ओल्याचा भाव लावा. गिऱ्हाइकाला चार वर्षांच्या गोष्टी सांगू नका, आणि माल फाटल्यावर त्याच्या घरातल्या एसीची चौकशी करू नका. आणि गिऱ्हाइकांनो, तुम्ही तरी बोटाच्या आवाजावर माना डोलवणं बंद करा. यंत्र स्वतःचं न्या, मालकासमोर फळीत टोचा, आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय टेम्पोवाल्याला बोलावू नका.