‘दोन भोकांचे पैसे’: गॅरेजवाल्याचं उत्तर

नमस्कार. रिव्ह्यू तुम्ही मराठीत लिहिलात, म्हणून मीही मराठीतच लिहितो. इंग्रजीत असता तर ‘सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स’ टाकून मोकळा झालो असतो.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी १९६७ची फोर्ड मस्टँग, २८९ घनइंचांचं आठ सिलिंडरचं (व्ही-एट) इंजिन, पॉवर स्टिअरिंग नाही. पुढचं सस्पेन्शन सुधारून हवं होतं, बजेट अडीच हजार डॉलर. यांची तक्रार अशी की मागितलेलं मस्टँग-टू किट (पुढचं सस्पेन्शन अख्खं बदलणारा संच) न बसवता मी जुन्याच सांगाड्याला ‘दोन भोकं पाडून’ २,४१० डॉलर घेतले, गाडी कुरकुरते, स्टिअरिंग जड झालं आणि वूडवर्ड रस्त्यावरची ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, हुकली. तारे दोन.

क्रूझपासून सुरू करतो, कारण तिथे सरळसरळ माझी चूक आहे. ती ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असते हे डेट्रॉइटात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुम्हाला गाडी मिळाली त्यानंतरच्या मंगळवारी. सप्लायरने ३९० या मोठ्या, जड इंजिनाच्या गाडीच्या स्प्रिंगा पाठवल्या. खोक्यावर नंबर बरोबर, आत माल दुसरा. बसवून गाडी खाली उतरवली तर ती नाक वर करून उभी! सगळं पुन्हा उघडलं. पण स्प्रिंगेवरची चिठ्ठी वाचायला दहा सेकंद लागतात आणि ती मी वाचली नव्हती. शिवाय शुक्रवारी तुम्हाला फोन करायला हवा होता, तोही केला नाही. तुम्ही सकाळी मुलाला घेऊन गॅरेजच्या दारात आलात तेव्हा कळलं. याला सबब नाही.

कुरकुरीचं कारण तुमचा व्हिडिओ ऐकताच कळलं. जुनी लोखंडी खाट वाजावी तसा आवाज आहे तो. या गाडीच्या अपर आर्मला (चाक वरच्या बाजूने धरणारा हात) आतल्या बाजूला रबरी बुश नसतात, आट्यांचे लोखंडी बुश असतात आणि आर्म त्यांच्यावर हलतो. नवीन आर्ममध्ये ग्रीस नावापुरतं असतं. एकदा आर्म गाडीत बसला की ग्रीसगन लावायला जागाच उरत नाही, स्प्रिंग आणि शॉकअप ज्यात बसतात त्या शॉक टॉवरची भिंत आडवी येते. म्हणून आर्म टेबलावर असतानाच काटकोनातलं निपल (ग्रीस भरायचं तोंड) लावून ग्रीस भरून घ्यायचं असतं. आमच्या पोराने निपलच्या जागचे प्लग तसेच ठेवले आणि मी तपासलं नाही. लोअर आर्मबद्दल मात्र निर्धास्त राहा. त्याचे रबरी बुश गाडी चाकांवर उभी करून मी स्वतः आवळलेत. चाकं लोंबकळत असताना आवळले की ते पिळून बसतात आणि लवकर फाटतात.

आता भोकं, म्हणजे अपर आर्म खाली बसवण्यासाठी टॉवरला पाडलेली. ती खरं तर चार आहेत, दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि माझ्या डोक्यातून आलेली नाहीत. फोर्डमधल्या क्लाउस आर्निंग नावाच्या इंजिनियरची ती युक्ती. १९६५च्या शेल्बी जीटी-३५०चे, म्हणजे मस्टँगच्याच रेसिंग अवताराचे, अपर आर्म असेच एक इंच खाली घेतलेले होते. मूळ जागेवर आर्म असला की वळणावर गाडी कलते तेव्हा बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर कलतं आणि टायर कडेवर चालतो. आर्म खाली घेतला की चाक बरंच उभं राहतं. एवढ्या कमी पैशांत या गाडीच्या वागण्यात एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही.

टेम्प्लेट लावून भोकं पाडायला तासभर लागतो, त्याचे ८५ डॉलर. बाकीचे पैसे नवीन अपर आणि लोअर आर्म, एक इंच खाली बसणाऱ्या ताठ स्प्रिंगा, गॅसचे शॉकअप, दोन्ही टॉवर बांधून धरणारी ब्रेस, अलाइनमेंट आणि बाकीची मजुरी यांचे. स्ट्रट रॉडला (लोअर आर्मला पुढून धरणारा दांडा) तुम्ही पॉलियुरेथेनचे बुश म्हणत होतात, मी मुद्दाम रबरी टाकले. कडक बुशात रॉडला हलायला वाव राहत नाही आणि तो आट्यांपाशी तुटू शकतो.

मस्टँग-टू किट म्हणजे १९७४ ते ७८च्या छोट्या मस्टँगच्या पुढच्या भागाची नक्कल. पहिल्या वर्षी त्या गाडीत व्ही-एट मिळतही नव्हतं. पण किट वाईट असतं असं मी म्हणणार नाही. रॅक-पिनियन स्टिअरिंग मिळतं, शॉक टॉवर गेल्यामुळे इंजिनाभोवती हात घालायला जागा होते. मोठं इंजिन टाकायचं असेल तर मीच ते सुचवीन. फक्त टॉवर कापले की त्यांनी पेललेला सगळा भार खालच्या फ्रेम रेलवर, म्हणजे सांगाड्याच्या लांब तुळयांवर, जातो. तुमच्या गाडीत उजवीकडे बॅटरीच्या ट्रेखाली मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, दाबलासुद्धा नाही, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. वरून बॅटरीचं ॲसिड, खालून रस्त्यावरचं मीठ, पत्रा बिस्किटासारखा झालाय. फोटो त्याच दिवशी तुम्हाला पाठवला होता. आधी रेल दुरुस्त करायचा, मग किट वेल्ड करायचं, मग ऑइल पॅन, एक्झॉस्ट, स्टिअरिंग कॉलम... माझ्या हिशोबाने आठ हजारांच्या आत हे होत नाही. कंपनीत दिवसभर सस्पेन्शनची सिम्युलेशनं तुम्ही करता, मी आयटीआय करून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर हात काळे केलेला माणूस. पण गंजक्या रेलवर नवीन किट वेल्ड करून मी ती गाडी तुमच्या मुलासकट रस्त्यावर पाठवणार नाही, मग एक तारा मिळाला तरी चालेल.

स्टिअरिंग जड झालंय हे खरं. कंपनीचे जुने अलाइनमेंटचे आकडे बायस-प्लाय या जुन्या धाटणीच्या टायरांचे, तुमच्या गाडीला आजचे रेडियल आहेत. म्हणून कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे अर्धा अंश आणि कास्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे कल) अधिक अडीच ठेवला. ‘आय-७५ हायवेवर आता सरळ धावते’ असं तुम्हीच लिहिलंय, ते त्या कास्टरमुळे. पार्किंगमध्ये दंड भरून येतात तेही त्याच्यामुळेच. हे मी तोंडी सांगितलं होतं, बिलावर लिहिलं नव्हतं. म्हणजे न सांगितल्यातच जमा.

शनिवारी सकाळी आठला गाडी घेऊन या. अपर आर्म काढून ग्रीस भरतो, निपल लावतो, हवं तर कास्टर दीडवर आणतो, आर्म काढल्यावर अलाइनमेंट नव्याने करावीच लागते. यातलं काही बिलावर येणार नाही. क्रूझ हुकली त्याबद्दल मजुरीतले ३०० डॉलर परत करतोय, ते तुम्ही आलात नाही आलात तरी. मुलालाही आणा. टॉवर अजून गाडीत आहेत तोवर स्प्रिंग कुठे बसते ते त्याला दाखवतो. तुमच्या मूळ स्प्रिंगा कोपऱ्यात ठेवल्यात, डाव्या-उजव्यात जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक आहे. त्याही डिकीत टाकून देतो.