मेटफॉर्मिन, इन्सुलिन आणि ब्रेस्ट कॅन्सरच्या त्या मेसेजमध्ये काय खरं, काय खोटं

सध्या ग्रुपाग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. अमेरिकेतल्या ब्लॅक बायकांना ब्रेस्ट कॅन्सर जास्त होतो कारण इन्सुलिन रेझिस्टन्स (म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ते) त्यांच्या रक्तातच आहे, डायबेटिसचं इन्सुलिन टोचलं की कॅन्सर वाढतो, रोज मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेतली की टळतो, आणि आपणही तसेच म्हणून आजच सुरू करा, असा एकूण सूर. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी हे वाचून विचारलं, "मग मी रात्रीचं इन्सुलिन बंद करू का?" काकू, अजिबात बंद करू नका, आणि का ते सांगतो.

"ब्लॅक बायकांना जास्त होतो." उलट आहे. त्यांच्यात ब्रेस्ट कॅन्सर होण्याचं प्रमाण गोऱ्या बायकांपेक्षा साधारण 5 टक्क्यांनी कमीच आहे, पण त्याने मरण्याचं प्रमाण जवळपास 40 टक्क्यांनी जास्त. म्हणजे रोग कमी जणींना होतो आणि जीव जास्त जणींचा जातो, आणि मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच वाचलेलं नाही.

"रक्तातच आहे." 1980 च्या आसपास अमेरिकेत दोन्हीकडचा मृत्युदर जवळजवळ सारखा होता हो! नंतर मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) पसरली, टॅमॉक्सिफेनसारखी औषधं आली, गोऱ्या बायकांचे मृत्यू भराभर खाली आले, ब्लॅक बायकांचे तेवढे आले नाहीत आणि दरी पडली. वीस वर्षांत कुणाचं रक्त बदलतं का? शिकागोत तर 2003 मध्ये ही दरी 68 टक्क्यांवर गेली होती, तिथल्या लोकांनी शोध घेतला तेव्हा मॅमोग्राफी मिळते का, ती नीट वाचली जाते का, उपचार कसे होतात, असल्याच गोष्टी पुढे आल्या. ट्रिपल निगेटिव्ह हा, नेहमीची बरीच औषधं लागू न पडणारा, अवघड प्रकार ब्लॅक बायकांमध्ये साधारण दुप्पट दिसतो हे खरंय, पण ज्या प्रकारांवर चांगली औषधं आहेत त्यातही त्याच जास्त दगावतात, हे कसं विसरायचं.

आता इन्सुलिन रेझिस्टन्सचं, यात तथ्य आहे म्हणून जरा थांबून बोलतो. दोन बायकांची उपाशीपोटी साखर 95 च आहे, पण एकीचं इन्सुलिन 5 आणि दुसरीचं 20. दोन्ही आकडे गुणून 405 ने भागले की होमा स्कोअर येतो, पहिलीचा 1.2 च्या आसपास, दुसरीचा 4.7. शुगर रिपोर्ट दोघींचा नॉर्मल, पण दुसरीचं शरीर तेवढीच साखर ठेवायला चौपट इन्सुलिन ओततंय, आणि इन्सुलिन पेशींना वाढायलाही सांगतं, कॅन्सरच्या पेशींनासुद्धा. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या टीमने 2020 मध्ये दाखवलं की नव्याने निदान झालेल्या ब्लॅक बायकांमध्ये हा रेझिस्टन्स जास्त होता आणि वाईट प्रॉग्नोसिसचा (आजार पुढे कसा जाईल त्या अंदाजाचा) काही भाग त्याच्याशी जोडलेला होता. काही भाग, सगळा नाही! आणि हा रेझिस्टन्स वजन, खाणं, झोप, राहायची वस्ती या सगळ्यातून वाढतो, कातडीच्या रंगातून नाही.

"इन्सुलिन टोचलं की कॅन्सर." ही भीती 2009 मध्ये ग्लार्जिन इन्सुलिनवरून उठली होती. मग 2012 मध्ये ओरिजिन ट्रायलचे निकाल आले, साडेबारा हजार माणसं, साधारण सहा वर्षं, आणि ग्लार्जिन घेणाऱ्यांत कॅन्सर जास्त निघाला नाही. शिवाय केमोबरोबर देतात त्या स्टेरॉइडने साखर चढते, तेव्हा कॅन्सरच्या पेशंटलाही बऱ्याचदा इन्सुलिन लागतंच.

"मेटफॉर्मिनने टळतो." जुन्या अभ्यासांत मेटफॉर्मिनवाल्यांना कॅन्सर कमी दिसायचा, पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हिशोबातच घोळ होता, गोळी सुरू होण्याआधीची धडधाकट वर्षंसुद्धा गोळीच्या खात्यात जमा केलेली. खरी परीक्षा कॅनडाच्या पुढाकाराने झाली, डायबेटिस नसलेल्या 3,649 ब्रेस्ट कॅन्सर पेशंट, निम्म्यांना 850 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच वर्षं, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. 2022 मध्ये निकाल आला, कॅन्सर परतण्यात काही फरक नाही. हर-टू पॉझिटिव्ह गटात (हर-टू हे प्रोटीन जास्त असलेला कॅन्सर) थोडा फायदा दिसला, पण तेवढ्यावर कुणी गोळी सुरू करत नाही. डायबेटिससाठी मेटफॉर्मिन उत्तमच आहे, पण मनाने सुरू करायची नाही, किडनी बघावी लागते, वर्षानुवर्षं घेतली की बी-ट्वेल्व्ह उतरतं, शाकाहारी घरांत तर आधीच कमी असतं.

"आपणही तसेच." पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय की आपण बारीक दिसूनही आत चरबी बाळगतो, रेझिस्टन्स आपल्यात भरपूर आहे. तरी ब्रेस्ट कॅन्सरचं वयानुसार काढलेलं प्रमाण भारतात लाखाला 26 च्या आसपास, अमेरिकेत 90 च्या. सगळं इन्सुलिननेच ठरत असतं तर हे जुळलं असतं का? आपल्याकडे बायका उशिरा येतात, गाठ मोठी झाल्यावर, हा खरा घात आहे. मुंबईत टाटा मेमोरियलने वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं काम केलं, निम्म्या गटात ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायच्या. तिथे कॅन्सर आधीच्या स्टेजला सापडू लागले आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले.