कोरी सिस्टीम मार्गी कशी लावावी

अभिनंदन! उबुंटू ही लिनक्स कुळातली ऑपरेटिंग सिस्टीम इन्स्टॉल झाली आणि पहिल्याच फटक्यात सुरूही झाली. वायफाय लागलं, आवाज येतोय, प्रिंटरसुद्धा सापडला. आता हे असंच ठेवून कामाला बसाल, तर तुमच्यात आणि ऐऱ्यागैऱ्यात फरक काय राहिला?

आधी रूप. डार्क मोड एका क्लिकवर मिळतो, म्हणजे त्याला किंमत शून्य. थीम बाहेरून आणा, आयकॉन तिसरीकडून. कचऱ्याची टोपली कुठली आणि फोल्डर कुठला हे स्वतःलाच कळेनासं झालं की जमलं. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, पारदर्शक हवंच. मागे वॉलपेपरवर पांढरे ढग, पुढे पांढरी अक्षरं. एरर वाचण्याची कटकटच मिटते.

एक्स्टेन्शन्स, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या सोयी, डझनभर टाका. उबुंटूचा डेस्कटॉप म्हणजे जीनोम. त्याची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि येताना त्या सोयींतल्या काही मोडते, त्यामुळे वर्षातून दोनदा विरंगुळा ठरलेला. २००६ मध्ये कॉम्पिझ या डेस्कटॉप नटवणाऱ्या प्रोग्रॅमने गाजवलेला तो फिरता घनही बसवा, प्रत्येक बाजूवर एक वेगळा डेस्कटॉप. चार बाजूंपैकी तीन रिकाम्याच राहतील, पण फिरतो झकास.

आता खरं काम. दुसरी डिस्क क्लिक करून उघडण्यात कसला आलाय पुरुषार्थ? सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ते मशीनला सांगणारी एफएसटॅब फाईल हाताने लिहा. त्यात डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, लागतो: ३२ आकडे-अक्षरं, मधे ४ आडव्या रेघा. कॉपी-पेस्ट नवशिक्यांनी करावं, आपण बघून टाइप करावं. ‘बी’ आणि ‘आठ’ दिसायला सारखेच, एवढं कोण बघतंय. डिस्क सापडली नाही तरी मशीन सुरू होऊ देणारा ‘नोफेल’ हा पर्याय मुळीच लिहू नका, नावातच अपशकुन आहे. मूळ फाईलची प्रत ठेवणं म्हणजे तर स्वतःवरच अविश्वास.

रीस्टार्ट करा. नसलेली डिस्क शोधण्यात मशीन दीड मिनिट घालवेल, मग येईल इमर्जन्सी मोड, म्हणजे दुरुस्तीपुरता काळा पडदा. रूटचं, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचं, खातं बंद आहे, पुढे जायला एंटर दाबा, असं तो सांगेल. दाबा. पुन्हा तोच मजकूर. परत दाबा. (मी सलग कितीदा दाबलं ते विचारू नका.)

आता जरा लांबून बघा. आयकॉन नाहीत, पॅनेल नाही, नोटिफिकेशन नाही, आणि काळा रंग असा की कुठल्या थीमच्या बापाला जमला नसता. स्क्रीनशॉट निघणार नाही, मोबाइलनेच फोटो घ्या. दुरुस्तीसाठी इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह शोधू नका. परवाच तो पुसून तुम्ही त्यात वॉलपेपर भरलेत.