लिंबाच्या रसानं माशातले जंत मरत नाहीत

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचा सारांश असा: जपानी लोक कच्चा मासा खातात म्हणून शंभरी गाठतात. शिजवल्यानं सत्त्व जातं. समुद्राचा ताजा मासा घ्यावा, अर्धा तास लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये ठेवावा, जंत असले तरी मरतात. वर थोडी वसाबी, म्हणजे जपानी झणझणीत चटणी, आणि एक पेग घेतला की चिंताच नाही. माझा भाचा बांगड्यावर हा प्रयोग करायला निघाला, तेव्हा लिहायला बसले.

आधी लिंबाचं. लिंबात ठेवलेला मासा पांढरा पडतो, घट्ट होतो, शिजल्यासारखा दिसतो. आंबटपणानं मांसातलं प्रथिन थिजतं, इतकंच. समुद्री माशातला सगळ्यात त्रासदायक जंत म्हणजे ॲनिसाकिस. तो वयात येतो व्हेल आणि डॉल्फिनच्या जठरात. तिथून अंडी पाण्यात पडतात, अळ्या आधी कोळंबीसारख्या बारीक जिवांत आणि मग त्यांना खाणाऱ्या माशांत, माकुलांत शिरतात. मासा व्हेलच्या पोटात गेला की त्या पुन्हा मूळ घरी पोचतात. जठरातल्या आम्लातच ज्याचा संसार, त्याला अर्ध्या तासाचं लिंबू काय करणार? स्पेनमध्ये मांदेलीच्या कुळातले मासे व्हिनेगरमध्ये मुरवून खातात. त्यातून हा आजार इतका होऊ लागला की कच्चे वाढायचे मासे आधी गोठवलेच पाहिजेत, असा नियम 2006 साली करावा लागला.

जपानचा दाखला तर उलटाच पडतो. तिथे अलीकडच्या वर्षांत अन्नविषबाधेच्या नोंदींत ॲनिसाकिस अगदी वरच्या क्रमांकावर आहे. नेहमीच्या प्रमाणातलं व्हिनेगर, मीठ, सोया सॉस किंवा वसाबी यानं तो मरत नाही, हे तिथलं आरोग्य मंत्रालयच लोकांना बजावतं. खाल्ल्यावर काही तासांत पोटात वरच्या बाजूला असह्य कळ येते आणि जठराच्या अस्तरात तोंड खुपसलेली अळी डॉक्टर दुर्बिणीतून चिमट्यानं ओढून काढतात.

ताजेपणाचा मुद्दाही फसवा आहे, कारण ताज्या माशातला जंतही ताजाच, जिवंत असतो. मासा साफ करताना आतड्यांवर, काळजाभोवती नीट बघा. घड्याळाच्या स्प्रिंगसारखं पांढरट वेटोळं दिसलं आणि सोडवलं, तर दोन-तीन सेंटिमीटरचा दोरा निघतो. मासा मेल्यावर यातले काही मांसात सरकतात, म्हणून पोट लगेच साफ करायचं. आपल्या किनाऱ्यावरच्या माशांतही या गटातल्या अळ्या सापडल्या आहेत. पण आपलं तिखलं असो की हुमण, मासा रटरटा शिजतो. आपण वाचत आलो ते त्यामुळे.

शिजवल्यानं सत्त्व जातं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की प्रथिनं कुठेही जात नाहीत.

पेगवाल्यांनी मात्र ईशान्य थायलंडकडे बघावं. तिथे नदीतल्या कच्च्या माशाचा 'कोई प्ला' खातात, सोबत दारूही चालते. त्या माशातला चपटा जंत यकृताच्या पित्तनळ्यांत वर्षानुवर्षं राहतो आणि त्यातून पित्तनलिकेचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1994 सालीच त्याला कर्करोगकारक ठरवलं. आपल्या देशात मणिपूर, नागालँड, अरुणाचलात ओढ्यातले अर्धेकच्चे खेकडे खाऊन असाच एक जंत फुप्फुसात जातो. खोकल्यातून रक्त पडतं आणि माणूस टीबीची औषधं खात राहतो. पावसाळ्यात मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, निखाऱ्यावर भाजणाऱ्यांनी ते आतपर्यंत शिजल्याशिवाय तोंडात घालू नयेत.

कच्चाच खायचा असेल तर गोठवलेला घ्या. युरोपात उणे 20 अंशांवर चोवीस तास, अमेरिकेत सात दिवस असा दंडक आहे. नेदरलँड्सनं 1968 मध्ये हेरिंग गोठवणं सक्तीचं केलं आणि तिथला हा आजार जवळपास संपला. घरचा फ्रीझर दिवसातून दहादा उघडतो, त्यातलं तापमान तितकं खाली टिकेल यावर विसंबू नका. शिजवताना आतलं मांस 60 अंशांवर निदान मिनिटभर राहिलं पाहिजे. काहींना मेलेल्या जंताचीही ॲलर्जी असते. नीट शिजवलेला मासा खाऊनही गांधी उठत असतील, तर डॉक्टरांना ॲनिसाकिसबद्दल जरूर विचारा.