डोंगर, समुद्र आणि मधली पट्टी

मोठं शहर सोडून लहान शहरात राहायला जायचं, जिथे एका बाजूला डोंगर असेल आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. आमच्या घरात हा विषय बरेच महिने चालू आहे. बायको अर्धी तयार आहे, मीही अर्धा तयार आहे, फक्त आमचे अर्धे वेगवेगळे आहेत. तिला घर चढावर हवंय, मला सपाटीवर. तिला कामाची काळजी वाटते, मला दवाखान्याची. या निमित्ताने जे वाचलं आणि ज्यावरून भांडलो, ते इथे मांडतोय. पोस्ट लांब झाली आहे.

अशा शहराचा विचार करताना आपण डोंगर बघतो, समुद्र बघतो आणि मधली पट्टी बघायची राहते. राहायचं तर त्या पट्टीतच असतं. ती किती रुंद आहे, कशाने तयार झाली, तिच्यातून बाहेर पडायला किती रस्ते आहेत, यावर तिथलं जवळपास सगळं ठरतं असं माझं मत झालंय. घरभाडंसुद्धा.

एरवी शहरं चारी दिशांना पसरतात. इथे एकीकडे पाणी, दुसरीकडे चढ. नवी घरं बांधायची तर एक तर डोंगर पोखरा, नाहीतर किनाऱ्याने लांबलांब सरकत जा. जी घरं आहेत त्यातली काही सुट्टीपुरती उघडतात, काही पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जातात, आणि उरलेल्यांवर आता लॅपटॉप घेऊन आलेल्या आमच्यासारख्यांचा डोळा. म्हणून ‘लहान शहर म्हणजे स्वस्ताई’ हा हिशोब अशा जागी बहुतेकदा फसतो. पगार लहान शहराचे आणि भाडी मोठ्या शहराची. (भाडी वाढवणाऱ्यांत उद्या आम्हीही असू. हे मला टोचतं, पण बेत रद्द करण्याइतकं नाही.)

आता माझी लाडकी सपाट जमीन. ती आली कुठून? डोंगरातून धावत आलेली नदी पायथ्याशी मंदावते आणि बरोबरचे दगड, वाळू, गाळ तिथे पसरून टाकते. शाळेच्या भूगोलात ‘पंखाकृती मैदान’ शिकलो होतो, तेच हे. म्हणजे ज्या पुरांना आपण घाबरतो त्यांनीच ही जमीन घडवली, आणि त्यांचं काम अजून संपलेलं नाही. कॅलिफोर्नियातलं मॉन्टेसिटो अशाच मैदानांवर वसलंय. मागे डोंगर, पुढे पॅसिफिक, घरं अतिशय महाग. डिसेंबर २०१७ मध्ये मागच्या डोंगरावर वणवा लागला आणि उतार उघडे पडले. ९ जानेवारी २०१८च्या पहाटे मुसळधार पाऊस झाला, आणि चिखल व मोठमोठ्या दगडांचा लोंढा ओढ्यांच्या वाटेने वस्तीत घुसला. २३ माणसं गेली. हे वाचल्यावर माझा सपाटीचा हट्ट थोडा ढिला पडला, आणि बायकोने ते लगेच हेरलं. पण तिच्या चढावरच्या घरालाही दरडीची भीती आहेच. त्यामुळे वाद चढ की सपाटी असा उरलाच नाही. घराच्या वर काय आहे, पावसाचं पाणी कुठून उतरतं, मागच्या वेळी ते कुठवर आलं होतं, हे विचारायला हवं. बऱ्याच ठिकाणी पूर आणि दरडींचे धोक्याचे नकाशे सगळ्यांना बघता येतात. घर दाखवणारा ते स्वतःहून दाखवेल अशी अपेक्षा ठेवू नये.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती रस्त्याची गोष्ट. न्यूझीलंडमधलं कायकौरा शहर म्हणायलाही छोटं आहे, पण आमच्या मनातलं चित्र अगदी तसंच: उंच डोंगर, लगेच समुद्र, आणि मधून चिंचोळ्या जागेतून जाणारे महामार्ग आणि रेल्वे. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर ७.८ क्षमतेचा भूकंप झाला. दरडी कोसळल्या आणि महामार्ग व रेल्वे दोन्ही एकाच वेळी बंद झाले. अडकलेल्या लोकांना नौदलाच्या जहाजांतून आणि हेलिकॉप्टरांनी बाहेर काढावं लागलं. समुद्रतळ उचलला गेल्यामुळे धक्क्याजवळ बोटींना पाणी पुरेना, आणि तिथला मोठा व्यवसाय म्हणजे बोटीतून व्हेल दाखवणं! किनाऱ्याचा महामार्ग पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. भूकंप रोज होत नाहीत, मान्य. पण दरड पडायला भूकंपच लागतो असं नाही, चार दिवसांचा पाऊस पुरतो. रस्ते दोन असले तरी ते एकाच डोंगराखालून जात असतील तर मी त्यांना एकच रस्ता धरतो.

यातूनच दवाखाना आला. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघाताचा झटका आला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आधी स्कॅन, मग निर्णय, मग इंजेक्शन. गावात दवाखाना आहे का, हा प्रश्न त्यामुळे अपुरा पडतो. रात्री दोन वाजता तिथे स्कॅन होतो का? नसेल तर सगळ्यात जवळचा कुठे, आणि घाट बंद असेल तर? हेलिकॉप्टरचं उत्तर मला अनेकांनी दिलं. डोंगरावर ढग उतरले की हेलिकॉप्टर उडत नाही. आमच्यापैकी कुणी तरुण होत चाललेलं नाही.

हवामानाबद्दल सरासरीवर जाऊ नका. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला अडून वर चढते, थंड होते आणि तिथेच पाऊस टाकते. पलीकडे उतरते तेव्हा कोरडी असते. अमेरिकेच्या वायव्य टोकाला ऑलिम्पिक पर्वत आहेत. त्यांच्या पश्चिमेच्या होह खोऱ्यात वर्षाला ३,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ईशान्येच्या सेक्विम गावात जेमतेम ४००. पर्वत तोच. ‘समुद्राकाठी हवा स्वच्छ’ हेही दर वेळी खरं नसतं. नॉर्वेतलं बर्गन समुद्रावर आहे आणि पावसासाठी प्रसिद्ध आहे, पण डोंगरांनी वेढलेलं. थंडीत वारा पडला की गार हवा तळाशी बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं आणि गाड्यांचा धूर खालीच कोंडतो. जानेवारी २०१०मध्ये तिथे गाड्यांना सम-विषम नंबरांचा नियम लावावा लागला होता.

खाऱ्या हवेचं थोडक्यात सांगतो. बिजागऱ्या, ग्रिल, एसीचं बाहेरचं युनिट हे दिसतं तरी. काँक्रीटच्या आतली सळई गंजते ते दिसत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट फुटतं. पाण्यापासून थोडं आत गेलं की हा त्रास झपाट्याने कमी होतो. समोर समुद्र दिसणाऱ्या घरापेक्षा चालत दहा-पंधरा मिनिटांवरचं घर मला केव्हाही चालेल.

कामाबद्दल बायकोची शंका खरी आहे: इथली नोकरी गेली तर दुसरी तिथेच मिळेल का? जपानमधलं कामाइशी मागे डोंगर, पुढे खाडी अशा जागी पोलादावर वाढलं. १९६०च्या दशकात लोकसंख्या ९० हजारांच्या वर होती. १९८९मध्ये शेवटची झोतभट्टी बंद झाली, आणि आज तिथे त्याच्या निम्मीही माणसं नाहीत. त्याच कामाइशीत २०११च्या त्सुनामीत शाळेतली मुलं धावत चढावर गेली आणि वाचली, म्हणून डोंगर जवळ असणं हा दोष आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण आमच्या दोघांपैकी एकाचं तरी काम त्या शहरावर अवलंबून नसावं, यावर आमचं एकमत झालंय. एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

सध्या ठरलंय ते असं. इथलं घर विकायचं नाही. तिथे भाड्याने राहायचं, आणि तेही सगळ्यात वाईट ऋतूत, पर्यटक गेल्यावर, अर्धी दुकानं बंद असताना. चढ की सपाटी, हे तिथे गेल्यावर बघू.

तुमच्यापैकी कुणी असं केलं असेल तर कमेंटमध्ये सांगा. जे तिथे रमले ते भरपूर लिहितात, फोटोही टाकतात. मला परत आलेल्यांचं ऐकायचंय: कशामुळे परतलात, आणि जायच्या आधी कुणाला काय विचारलं असतं तर ते कळलं असतं.