फ्लॅगशिपवर नांदताना

अभिनंदन! युद्धनौकेवर एक्झिक्युटिव्ह ऑफिसर झालात, म्हणजे कॅप्टनच्या खालोखाल तुम्हीच. जहाज मुरगावच्या धक्क्याला आहे, वास्कोचे मेव्हणे-मेव्हण्या चहाला येणार आहेत. रुबाब आजच दाखवून घ्या. उद्या फ्लीट कमांडर, म्हणजे ताफ्याचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल, स्टाफसकट मुक्कामाला येताहेत; त्यांचा झेंडा चढला की तुमचं जहाज फ्लॅगशिप.

नियम सोपा आहे. ताफा रिअर अ‍ॅडमिरलचा, जहाज कॅप्टनचं. कागदावर कुठं अडत नाही. पण अ‍ॅडमिरलसाहेबांनीही एकेकाळी जहाज चालवलेलं असतं आणि ती खाज काही जात नाही. ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीत, येऊन ते हवेशी बोलतात, "पोर्टला (म्हणजे डावीकडे) जरा जास्तच चाललंय का?" हा हुकूम नव्हे. तरी कॅप्टनचे कान लाल होतात, वॉचवरचा, म्हणजे पाळीवरचा, लेफ्टनंट आळीपाळीनं दोघांकडे बघतो, सुकाणूवरचा खलाशी होकायंत्रावरची नजर काढत नाही. (सगळ्यांत शहाणा तोच.) अशा वेळी तुम्ही दुर्बीण उचलावी. गोव्याच्या समुद्रात बघायला एखादा ट्रॉलर सापडतोच.

खरं तर जहाज कोणाच्या हाती आहे हे मोठ्यानं बोलून घ्यायची पद्धत आहे. वास्कोच्या दामोदर सप्ताहात 24 तास भजन चालतं, गाणारे बदलतात, पण टाळ खाली पडत नाही. तिथं निदान दोघं एकाच वेळी एकच अभंग गातात.

कॅप्टनच्या खुर्चीत चुकूनही टेकू नका, ते अ‍ॅडमिरलांवर सोडा.

वॉर्डरूममध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या-बैठकीच्या खोलीत, मात्र राज्य तुमचं. कॅप्टन तिथं बोलावल्याशिवाय येत नाही, आपल्या केबिनमध्ये एकटा जेवतो. त्यामुळे सगळ्या कागाळ्या तुमच्या ताटात. इंजिनिअर ऑफिसर म्हणणार, "यंत्रांना विश्रांती हवी, सांगा त्यांना." कॅप्टन म्हणणार, "विश्रांती निवृत्तीनंतर, सांगा त्याला." तुम्ही इकडे "साहेब विचार करताहेत" आणि तिकडे "काम चालू आहे" एवढंच सांगा. दोन्ही खोटं, दोघंही खूश.

स्वतःच्या हाती जहाजाची कमान कधी मिळेल, हे विचारू नका. 18 डिसेंबर 1961 ला याच बंदरात पोर्तुगीजांच्या 'आफोंसो द आल्बुकर्क' या युद्धनौकेचा कप्तान जबर जखमी झाला, तेव्हा कुठं त्याच्या खालच्या अधिकाऱ्याच्या हाती जहाज आलं. तेही किनाऱ्यावर चढवण्यापुरतं.

आणि हो, उद्या अ‍ॅडमिरलसाहेबांचा झेंडा वर चढायला एक सेकंद उशीर झाला तर दोष कोणाचा, हे आजच ठरवून ठेवा. सिग्नलचा पोरगा बरा पडेल, नवाच आहे.